जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली, पीयूसीत नापास झाली आणि गॅरेजवाल्यानं 'कॅट गेलाय', म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय, असं सांगून टाकलं. त्यानंतर मालकाच्या डोक्यात जे प्रश्न येतात ते इथे घेतले आहेत. मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजीच्या कारबद्दल लिहिलं आहे. डिझेलचा विषय वेगळा आहे, त्याला खाली थोडी जागा दिली आहे.

हा कन्व्हर्टर करतो तरी काय?

सायलेन्सरच्या अलीकडे, इंजिनजवळ किंवा गाडीच्या पोटाखाली एक फुगीर स्टीलचा डबा असतो. त्यात चिनीमातीसारख्या पदार्थाची बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. इंजिनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन या थरावर जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बनतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं विघटन होऊन साधा नायट्रोजन उरतो. तिन्ही कामं करतो तो थ्री-वे. कार्ब्युरेटरच्या काळात फक्त पहिली दोन कामं करणारे टू-वे कन्व्हर्टरही असत.

दोन अटी लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे त्यांचा संबंध येतो. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोचल्याशिवाय तो कामाला लागत नाही. आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राहिलं नाही, तर तापूनही त्याला तिन्ही कामं एकदम जमत नाहीत.

माझ्या गाडीला तो आहे का? आणि कोणत्या मानकाचा?

१ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर बंधनकारक झाला. शिशानं कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून त्याबरोबरच शिसं नसलेलं पेट्रोलही आणावं लागलं. शिशाचं पेट्रोल देशभरातून हटायला मात्र फेब्रुवारी २००० उजाडलं. १९९५ च्या आधीची पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर जपणाऱ्यांना हा लेख वाचायची गरज नाही. तुमच्या गाडीला तो मुळात नव्हताच.

त्यानंतरच्या गाड्यांत घोळ आहे, आणि तो महाराष्ट्रात जरा जास्तच आहे. प्रदूषणाची मानकं, म्हणजे भारत स्टेज किंवा बीएस, एकाच दिवशी सगळीकडे लागू झाली नाहीत. एप्रिल २००५ मध्ये बीएस-३ आलं ते ११ शहरांत, त्यात मुंबई आणि पुणे होती. बाकी राज्यात तेव्हा बीएस-२ चालत होतं. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ आलं ते १३ शहरांत, त्यात मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. सातारा, कोल्हापूर, नाशिक, नागपूर तेव्हा बीएस-३ वर होती. संपूर्ण देशात बीएस-४ लागू झालं एप्रिल २०१७ मध्ये. मारुती ८०० चं उदाहरण घ्या. एप्रिल २०१० पासून ती या १३ शहरांत विकणं बंद झालं, पण इतरत्र बीएस-३ इंजिनावर ती पुढेही विकली जात होती.

म्हणून 'मॉडेल आणि साल' एवढ्यावर पार्ट मागवू नका. आरसी बुकात किंवा परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून मानक पाहा. शक्यतो चेसिस नंबर देऊन डीलरकडून मूळ पार्ट नंबर काढून घ्या. सेकंडहँड गाडी असेल तर हे टाळूच नका, कारण ती आधी कुठल्या आरटीओत नोंदली गेली होती यावर उत्तर बदलतं.

मेकॅनिक म्हणतो कॅट गेला. खरंच गेलाय हे कसं तपासायचं?

'गेला' या एका शब्दात दोन वेगळे बिघाड येतात. आपल्याकडे कोणता आहे ते आधी ठरवा.

एक म्हणजे तुंबणं. जाळी वितळून किंवा तिचे तुकडे आडवे पडून धुराची वाट अडते. गाडी सुरू होते, गल्लीत ठीक चालते, पण कात्रज किंवा कसारा चढायला लागली की ओढत नाही. पाय दाबला तरी आवाज वाढतो, वेग वाढत नाही. याची खात्रीची तपासणी म्हणजे कन्व्हर्टरच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज लावणं. इंजिन २,५०० आरपीएमवर धरलं आणि काटा ३ पीएसआयच्या वर गेला तर अडथळा नक्की. गेज नसलेली गॅरेजेस सेन्सर काढून तशीच एक छोटी फेरी मारतात आणि पिकअप परत आला का बघतात. चाचणी चुकीची नाही, पण गरम वायू थेट शेजारच्या वायरिंगवर येतो. मिनिटभराच्या वर नको.

दुसरा बिघाड म्हणजे जाळी शाबूत, वाट मोकळी, पण वरचा धातूचा थर मेलेला. गाडी पळते छान, पीयूसीत आकडे येत नाहीत. इथे घाई होते. पीयूसीत नापास होण्याची निम्मी कारणं कन्व्हर्टरच्या बाहेरची असतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर बहुतेक वेळा मिश्रण रिच आहे, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे: गळका इंजेक्टर, सुस्त झालेला पुढचा सेन्सर, तुंबलेला एअर फिल्टर. हायड्रोकार्बन भलतेच वाढले असतील तर आधी प्लग, वायर आणि कॉइल बघायचे. हे सगळं ठीक असूनही आकडे उतरत नसतील, तरच कन्व्हर्टरकडे बोट दाखवा.

एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे बिघाड ओळखायची यंत्रणा) बंधनकारक आहे, त्यामुळे त्यांच्यात कन्व्हर्टरच्या मागेही एक सेन्सर असतो. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली होत असतं. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्याचं ०.६-०.७ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहतं. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला की कन्व्हर्टरचं काम संपत आलंय. स्कॅनरवर हा आलेख दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. नुसता पी०४२० कोड (कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय असं सांगणारा) दाखवून पार्टची किंमत सांगणाऱ्याला हा आलेख विचाराच, कारण मागच्या सेन्सरजवळचं पॅकिंग फुटून बाहेरची हवा आत ओढली जात असली तरीही तोच कोड येतो. २०१३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत मागचा सेन्सरच नसतो. तिथे चेक लाइट लागला नाही म्हणून कन्व्हर्टर ठणठणीत आहे असं धरता येत नाही.

बाकी घरगुती खुणा: गाडी थंड असताना डब्यावर रबरी हातोडीनं हलकं ठोकून खडखड आली तर जाळी फुटली आहे. सडक्या अंड्याचा वास हा इंधनातल्या गंधकाचा असतो आणि मिश्रण रिच असल्याचं सुचवतो, कन्व्हर्टर मेल्याचा पुरावा तो नाही. डब्याच्या पुढच्या-मागच्या बाजूचं तापमान लेझर गनने मोजायची पद्धतही चालते. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. इंजिन नीट जळत असेल तर डब्यात जाळायला फार काही उरत नाही, आणि चांगल्या कन्व्हर्टरमध्येही फरक किरकोळ दिसतो.

नवा बसवायला घेतोय. त्याआधी काही करायला हवं का?

हो, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात. कन्व्हर्टरमध्ये हलणारा एकही भाग नाही. मूळचा कन्व्हर्टर इंजिन नीट असेल तर गाडीच्या आयुष्याइतका टिकू शकतो. तो आधी गेला असेल तर त्याला कोणीतरी घालवलंय, आणि ते कारण शोधलं नाही तर नवाही त्याच वाटेनं जाणार, तोही लवकर.

सर्वात नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मिसिंग. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये येतं आणि तिथे जळतं. १,००० अंशांच्या आसपास धातूचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणजे काम करणारा पृष्ठभाग घटतो. १,४०० च्या पुढे जाळीच वितळायला लागते. ओबीडी-२ गाडीत चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी नेमकं हेच सांगत असते. तशीच दामटत नेऊ नका. कोणता सिलिंडर मरतोय हे शोधायला इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची वायर काढायची जुनी सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे. कन्व्हर्टरच्या गाडीवर ती करायची असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टरही काढा. बॅटरी उतरली म्हणून वारंवार धक्का मारून सुरू करणंही वाईट, कारण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात कच्चं पेट्रोल आत जातं.

दुसरं कारण ऑइल. जुन्या इंजिनाच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली की ऑइल जळतं, आणि ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त जाळीवर साचून थर झाकून टाकतं. सकाळी सुरू करताना निळसर धूर, दर महिन्याला ऑइल भरावं लागणं, अशी गाडी असेल तर आधी इंजिनाचा निर्णय घ्या. खर्चाचा आकडा मोठा आहे हे मान्य, पण ऑइल खाणाऱ्या इंजिनावर नवा कन्व्हर्टर बसवणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणं.

हेड गॅस्केटमधून कूलंट गळून आत जात असेल तर त्यातले सिलिकेटही असाच थर चढवतात. पॅकिंगवर सढळ हातानं चोपडलेलं साधं सिलिकॉन सेन्सरला विष ठरतं. सेन्सरला चालणारं असं ट्यूबवर लिहिलेलंच वापरा. भेसळीच्या पेट्रोलचा संशय असेल तर पंप बदला. आणि जखम बाहेरूनही होते: पोटाखालचा डबा गावच्या बेहिशेबी गतिरोधकावर आपटून आतली जाळी तडकते, किंवा पावसाळ्यात तापलेला डबा एकदम गुडघाभर पाण्यात बुडतो. हिंदमाता किंवा मिलन सबवेतून दरवर्षी गाडी काढणाऱ्यांनी डब्यावर चेपल्याच्या, गंजाच्या खुणा आहेत का ते बघावं.

बाजारात कोणते पर्याय आहेत? कोणता घ्यावा?

कंपनीचा मूळ पार्ट सर्वात महाग. बाहेरच्या पार्टच्या कित्येक पट किंमत पडू शकते आणि जुन्या मॉडेलसाठी तो बंदही झालेला असतो. मिळत असेल, गाडी बीएस-४ असेल आणि अजून पाच वर्षं ठेवायची असेल तर मी तोच घेईन. धातूचं प्रमाण, जाळीचा आकार, सेन्सरची जागा, सगळं त्या इंजिनासाठी ठरवलेलं असतं, आणि ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) नंतर तक्रार करायला जागा राहत नाही.

त्याखाली येतो बाहेरच्या कंपनीचा 'डायरेक्ट फिट', म्हणजे फ्लँज, ब्रॅकेट आणि सेन्सरचे आटे मूळ जागीच असलेला. बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांसाठी हा बहुधा योग्य पर्याय. दर्जात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. डब्यावर उत्पादकाचं नाव, पार्ट नंबर आणि वायूची दिशा दाखवणारा बाण कोरलेला हवा. बिलावर तुमच्या गाडीचं मॉडेल, मानक आणि वॉरंटी छापून घ्या. 'वॉरंटी तोंडी आहे साहेब' म्हणणाऱ्याचा माल तिथेच राहू द्या.

तिसरा 'युनिव्हर्सल': दोन्ही बाजूंना नुसते पाइप, कापून वेल्डिंग करायचं. पोटाखाली डबा असलेल्या साध्या गाडीत कुशल माणसाकडून चालून जातो. इंजिनाच्या सीसीनुसार आकार निवडावा लागतो. लहान इंजिनाला मोठा डबा लावला तर तो तापायला वेळ घेतो, मोठ्या इंजिनाला लहान लावला तर वाट अडते आणि कामही पुरं होत नाही. कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांना) जोडलेला असेल तर युनिव्हर्सलच्या फंदात पडू नका.

सेकंडहँडबद्दल सगळे विचारतात, कारण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधलं तर काहीही मिळतं असा आपला विश्वास आहे. दरवाजा, दिवा, बंपर, गिअरबॉक्ससुद्धा तिथून घ्या. कन्व्हर्टर घेऊ नका. तो ज्या गाडीतून निघाला तिचं इंजिन कसं होतं हे कळायला मार्ग नाही, गाळ्यावर तपासता येत नाही, आणि आतली जाळी काढून डबा परत जोडलेला असण्याची शक्यता चांगलीच आहे. शिवाय तो चोरीचाही असू शकतो.

दोन डबे दिसायला सारखे, किंमत दुप्पट. फरक कशाचा?

धातूचा. रोडियमचा भाव मार्च २०२१ मध्ये औंसाला जवळजवळ २९,००० डॉलरवर गेला होता. अशा बाजारात स्वस्त कन्व्हर्टर बनवायचा एकमेव मार्ग म्हणजे थर पातळ करणं. पातळ थराचा कन्व्हर्टर पहिल्या पीयूसीला पास होतो आणि वर्ष-दीड वर्षात हळूहळू मावळतो. ग्रॅमचा आकडा दुकानदार सांगू शकणार नाही, म्हणून वॉरंटीचा काळ हाच तुमचा मापदंड.

जाळीच्या दाटपणाबद्दल मात्र विचारता येतं. मूळ कन्व्हर्टरमध्ये दर चौरस इंचाला साधारण ४०० भोकं असतात. 'स्पोर्ट' किंवा 'हाय फ्लो' नावानं मिळणाऱ्यांत १०० किंवा २०० असतात. आवाज भारदस्त येतो, वायूला जाळीवर कमी पृष्ठभाग मिळतो, आणि बीएस-४ गाडीत पी०४२० लागतो. ११०० सीसीच्या जुन्या गाडीला हाय फ्लो लावून किती घोडे वाढणार, हा प्रश्न स्वतःलाच विचारून पाहा.

गॅरेजवाला म्हणतो, 'आतली जाळी काढून टाकू, गाडी मस्त पळेल.' चालेल का?

नाही. तुंबलेला डबा मोकळा केल्यावर पिकअप परत येतो, ते खरं. पण तो चांगल्या जाळीनंही परत आलाच असता. कायद्याच्या बाजूनं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाची मानकं मोडल्याबद्दल कलम १९०(२) वेगळं आहे, त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि ३ महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे.

व्यवहाराच्या बाजूनं बघितलं तर आणखी एक गोष्ट आहे. 'काढून टाकू' असं म्हणणाऱ्याला ती जाळी भंगारात विकून पैसे मिळतात. तुमची गाडी हलकी करायचा त्याचा उत्साह तिथून येतो.

पेट्रोलमध्ये टाकायचं क्लीनर किंवा डबा धुऊन घेणं, यानं भागेल का?

नुसती काजळी बसली असेल तर थोडाफार फरक पडतो. तोच फरक हायवेवर अर्धा तास सलग वरच्या आरपीएमवर गाडी चालवूनही पडतो, आणि ते फुकट आहे. वितळलेली जाळी, फॉस्फरसचा थर किंवा चिकटलेले धातूचे कण कोणत्याही बाटलीनं पूर्ववत होत नाहीत. ॲसिडनं धुऊन देणाऱ्यांपासून लांब राहा.

कन्व्हर्टरबरोबर ऑक्सिजन सेन्सरही बदलावा का?

पुढचा सेन्सर मूळचाच असेल आणि गाडी लाखभर किलोमीटर चालली असेल तर हो. मिश्रण ठरवतो तो तोच. तो सुस्त झाला की इंजिन रिच चालतं आणि नवा कन्व्हर्टर तापून मरतो. मागचा फक्त निरीक्षक आहे, तो चालत असेल तर राहू द्या. ब्रँड नसलेला स्वस्त सेन्सर घेण्यापेक्षा जुना ठेवलेला बरा.

गाडीला सीएनजी किट आहे. काही वेगळं बघायचं?

सीएनजीला पेटायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. प्लगची गॅप वाढलेली किंवा कॉइल कमकुवत असेल तर पेट्रोलवर कळत नाही, सीएनजीवर मात्र मिसिंग सुरू होतं, आणि मिसिंग काय करतं ते वर आलंच आहे. बाहेरून बसवलेल्या जुन्या व्हेंच्युरी किटमध्ये मिश्रणाचं ट्यूनिंग हातानं होतं. ॲव्हरेजच्या लोभानं ते लीन, म्हणजे गॅस कमी आणि हवा जास्त असं, करून ठेवलेलं असतं. नवा कन्व्हर्टर बसवायच्या आठवड्यातच प्लग बदला, किटचं ट्यूनिंग गॅस ॲनलायझर लावून करा. सिक्वेन्शियल किट (इंजेक्टरनं गॅस सोडणारं) असेल तर त्याचं मॅपिंग तपासून घ्या.

ई-२० पेट्रोलनं जुना कन्व्हर्टर खराब होतो का?

थेट नाही. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे योग्य प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या आसपास येतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी) गाडी इंजेक्शन वाढवून ते सांभाळून घेते. कार्ब्युरेटरला हे समजत नाही आणि ती गाडी लीन चालते. जुन्या गाड्यांत ई-२० चा खरा त्रास रबरी नळ्या, सील आणि पंपाला होतो. नळी झिरपून किंवा इंजेक्टर चोंदून मिसिंग सुरू झालं, तर मग तो आडमार्गानं कन्व्हर्टरपर्यंत पोचतो.

आणि डिझेल?

डिझेलचा कन्व्हर्टर वेगळा असतो. त्याला ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट म्हणतात, आणि पेट्रोलचा थ्री-वे त्याच्या जागी चालत नाही. बीएस-६ डिझेलमध्ये त्याच्या सोबत काजळी अडवणारा फिल्टरही येतो. पार्ट मागवताना 'डिझेल' हा शब्द बिलावर असू द्या.

बसवताना कशावर लक्ष ठेवू?

समोर उभं राहता आलं तर राहा. बाणाची दिशा पुढून मागे. पॅकिंगं, स्प्रिंगबोल्ट आणि नट नवे; जुनं पॅकिंग परत लावलं की हवा ओढली जाते आणि सेन्सर फसतो. युनिव्हर्सल असेल तर तो मूळ जागीच, जितक्या अंतरावर होता तितक्याच अंतरावर बसला पाहिजे. जागा आहे म्हणून हातभर मागे सरकवला तर तो पुरेसा तापत नाही. गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायला लावा, नाहीतर कन्व्हर्टरच्या पैशांत ईसीयूचे पैसे मिळवावे लागतील.

डब्यावरची पत्र्याची ढाल खडखडते म्हणून बरेच जण काढून फेकतात. ती उष्णतेसाठी असते. तिच्याशिवाय वरचं कार्पेट आणि शेजारच्या केबल भाजतात. आणि ढाल असो वा नसो, लांबच्या प्रवासानंतर गाडी वाळलेल्या गवतावर लावू नका.

पहिल्या फेरीत थोडा धूर आणि जळका वास येतो; डब्यातलं पॅडिंग आणि बाहेरचं ऑइल तापतं त्याचा. तासाभरात जायला हवा.

पीयूसीला कधी न्यावी? किती आकडे यायला हवेत?

वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून, तशीच गरम नेऊन लावा. घरासमोरच्या केंद्रावर थंड गाडी नेऊन नापास होणारे खूप आहेत. आयडलला बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल कारसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. बीएस-४ साठी तीच ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, शिवाय वाढवलेल्या आरपीएमवर ०.२ टक्के. चांगल्या कन्व्हर्टरची गाडी मर्यादेच्या काठावर येत नाही, खूप खाली येते. जुन्या मर्यादेत गाडी जेमतेम बसत असेल तर पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. छापील आकडे जपून ठेवा. पुढच्या वेळी ते चढले का हे बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. गाडी न लावताच प्रमाणपत्र हातात देणाऱ्याकडून नेमकी हीच माहिती मिळत नाही.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीवर एवढा खर्च करावा का?

महाराष्ट्रात पेट्रोल कारची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ५ वर्षांसाठी वाढते. नूतनीकरण करून घेणार असाल आणि इंजिन ऑइल खात नसेल, तर चांगला डायरेक्ट फिट बसवा. सहा महिन्यांत विकणार असाल तर खरेदीदाराला बिघाड सांगून किंमत कमी करा. रिंगा, हेड आणि कन्व्हर्टर तिन्ही एकदम आलं असेल तर मी अधिकृत स्क्रॅप केंद्राचा भाव आधी विचारीन.

काढलेल्या जुन्या कन्व्हर्टरचं काय?

तो तुमचा आहे, मागून घ्या. काम सुरू व्हायच्या आधीच सांगा, नंतर तो 'भंगारवाला घेऊन गेला' असतो. मेलेल्या कन्व्हर्टरमध्येही धातू असतोच, तो उडून जात नाही, आणि त्याला चांगला भाव येतो. मूळ कन्व्हर्टर आफ्टरमार्केटपेक्षा, म्हणजे बाहेरच्या कंपनीच्यापेक्षा, जास्त मोलाचा. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, नव्याच्या बिलातला काही भाग तिथून सुटतो.

याच भावापायी गुजरात आणि महाराष्ट्रात मारुती ईकोचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार झाले. बातम्यांत ज्याला 'सायलेन्सरमधली माती' म्हणतात ती म्हणजे ही जाळी. काही वेळा डबा जागेवर ठेवून आतली माती तेवढी काढली जाते आणि मालकाला पीयूसीपर्यंत पत्ता लागत नाही. ईको किंवा ओम्नी रात्री रस्त्यावर लावत असाल तर भिंतीला खेटून लावा आणि डब्यावर गाडीचा नंबर कोरून घ्या.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्या जुन्या गाडीचाही कॅट गेलाय. तिथे काय बघायचं?

तिथला नियम राज्यावर ठरतो. कॅलिफोर्नियात आफ्टरमार्केट कन्व्हर्टरला तिथल्या हवा मंडळाची मंजुरी लागते. मंजुरीचा तो क्रमांक (ईओ नंबर) डब्यावर कोरलेला असतो आणि बोनेटखालच्या स्टिकरवरच्या इंजिन गटाशी जुळावा लागतो. न्यूयॉर्कनंही कॅलिफोर्नियाचेच निकष घेतले आहेत. इतर बहुतेक राज्यांत केंद्रीय पर्यावरण संस्थेचे निकष पुरतात, तो पार्ट बराच स्वस्त पडतो आणि कॅलिफोर्नियात चालत नाही. राज्य बदलायचा विचार असेल तर महागडाच घ्यावा. मूळ कन्व्हर्टरला तिथे ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची वॉरंटी असते, ती संपली का हे आधी डीलरला विचारावं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये डब्यावर वर्तुळातल्या ई चं चिन्ह आणि नियम क्रमांक १०३ ची मंजुरी बघावी. कुठेही असो, बिलावर मंजुरीचा क्रमांक लिहून घ्यावा. तपासणीच्या वेळी तो विचारला जाऊ शकतो.